पावडर कुठे लावायची

आई, तुला जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा तुझ्यासाठी आम्ही इथे परदेशात, पार्सिपनीतल्या एका वकीलबाईंकडे गेलो होतो. टाल्कम पावडरीचा आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा संबंध असू शकतो, असं तुझ्या सुनेने वाचलं होतं. कंपनीवर दावा करता येईल का, एवढंच विचारायचं होतं. बाबांना नेणार नव्हतो, पण "तिच्याबद्दल बोलणार आणि मी घरी बसू?" म्हणत ते कोट घालून आधीच गाडीत जाऊन बसले.

बाई भल्या होत्या. तुझं वय, ऑपरेशन, किती वर्षं पावडर वापरायचीस, हे सगळं विचारून झालं आणि मग त्यांनी मला विचारलं, "नेमकी कुठे लावायच्या त्या?" मी म्हणालो, "अंगाला." "अंगाला म्हणजे?" माझे कान तापले. तुझी सून माझ्याकडे बघतेय आणि मी खिडकीबाहेरच्या गाड्यांकडे. तेवढ्यात बाबा बोलायला लागले, त्यांच्या त्या बँकेतल्या जपून बोलायच्या इंग्रजीत. माझ्यासमोर कधी तुझा हातसुद्धा न धरलेले बाबा! "अंघोळीनंतर, मांड्यांच्या मध्ये. नागपूरच्या उन्हाळ्यात तिला घामोळं यायचं. लग्न झालं त्या वर्षी मीच म्हटलं, लावून बघ. डबाही मीच आणायचो." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मान खाली काय घालतोस? अंगच होतं ना तिचं?"

काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. पावडरीमुळेच झालं असं शपथेवर सांगणारा डॉक्टर त्यांना मिळाला नव्हता, केस घेता येणार नव्हती. बाबांनी विचारलं, "म्हणजे पावडरीने झालं नाही?" मी म्हटलं, "तसं नाही म्हणाल्या. सिद्ध करता येणार नाही म्हणाल्या." "म्हणजे मी आणलेल्या डब्याने झालं की नाही, ते मला कळणारच नाही," बाबा म्हणाले. पुढे गेले तेही तसेच, न कळता.

आता असे दावे बातम्यांत येतात. त्या कंपनीचं नाव आलं की मी चॅनल बदलतो.

गेल्या आठवड्यात तुझ्या नातीचा फोन आला. नवीन डॉक्टरकडे जायचं होतं, घरात कुणाला काय झालं होतं ते सांगायचं होतं. "बाबा, आजीला कुठला कॅन्सर होता?" मी म्हणालो, "पोटाचा." ती "ओके, थँक्स" म्हणाली. तिला परत फोन करायचा आहे. अजून केलेला नाही.