अंघोळ करून वाचायचा खून

भवानी पेठ, सोलापूर
फाल्गुन, सन १९३४

तीर्थरूप धुळाप्पामामा, तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. मामींच्याही ठेवतो, त्यांनी पाय मागं घेतले नाहीत तर.

तुमचं पत्र संक्रांतीला आलं आणि उत्तर आज लिहितोय, हा गुन्हा कबूल. रोज लिहायचं ठरवायचो. पण शाई आणायला सात रस्त्याला गेलं की तिथं कुणीतरी अस्वल नाचवत असतो, आणि अस्वल सोडून शाई घेणं माझ्यानं होत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मेंढरं कशी आहेत? (मास्तर, पत्र वाचून दाखवताय हे उपकार, पण कंसातलं मोठ्यानं वाचू नका. पुढं मामींबद्दल काही निघालं तर?)

तंबूतल्या सिनेमाची नोकरी गेली. मुक्या चित्रांवरची अक्षरं मी लोकांना ओरडून वाचून दाखवायचो. आता चित्रंच बोलायला लागली, मग मला कोण बोलू देतो? निघताना मालकाच्या खोलीतले एका मासिकाचे पाच जुने अंक घेतले (त्यांनी दिले असं धरून चाला). त्यात एका सिनेमा कंपनीतल्या खुनाची गोष्ट दर अंकाला थोडी थोडी येत होती. राजाच्या खोट्या सिंहासनावर कंपनीचा शेट मरून पडलेला. मुकुट कागदाचा, मोती काचेचे, छातीतला सुरा तेवढा खरा. राणी झालेली नटी पडद्यावर हसते आणि पडद्यामागं दात खाते. दिवेवाल्याच्या पोटात जुनं वैर. फोटो काढणारा सगळं बघतो आणि बोलत काही नाही. आख्ख्या कंपनीत सरळ माणूस म्हणून एक नाही. मामा, मी तंबूत शंभर राजवाडे पाहिले, पण राजवाड्याला मागून टेकू दिलेल्या बांबूंची गोष्ट पहिल्यांदा वाचली, आणि उभ्या उभ्या दोन अंक संपले.

इथं शिवम्माचे चार हातमाग आहेत. तिच्याकडं सूत गुंडाळून कांड्या भरायला लागलो, पण माझी कांडी एका बाजूला गरोदर व्हायची. शेवटी ती म्हणाली, "हात नको लावू बाबा सुताला. तोंड चालतंय न्हवं तुजं? मग वाच काहीतरी." हात तेलकट होते म्हणून मी अंक पाटावर ठेवला, अंधार होता म्हणून दिवा लावला. शिवम्माच्या सासूला तेलुगूच कळतं. म्हातारीनं पाट बघितला, दिवा बघितला, वाचणारा बघितला आणि मुखपृष्ठावरच्या नटीला हळदकुंकू वाहिलं. ही पोथी नव्हे, हे मी सांगणारच होतो, पण तिनं पुढ्यात केळंही ठेवलं.

तेव्हापासून अंघोळ केल्याशिवाय मला खून वाचता येत नाही. मी मराठीत वाचतो, शिवम्मा सासूला तेलुगूत सांगते, माग थांबतात. मी एकदा विचारलं, एवढं काय आवडतं या पापी लोकांत? शिवम्मा म्हणाली, "आमी जरीकाठी लुगडी विणतो आन् ठिगळाचं नेसतो. ती राणीबी तसलीच की रे. आपल्यातलीच हाय."

आता घोटाळा असा की पाच अंक संपले आणि खुनी सापडला नाही. हळदकुंकवासकट सगळी हकीकत लिहून मासिकाला कार्ड टाकलं, तर उत्तर आलं की मासिकच बंद पडलं. आणि पोथी अर्धी ठेवली तर घराला बाधते! शनिवारी समाप्ती आहे. त्याच मुहूर्तावर शिवम्मा पाचवा माग बसवणार, पुरण शिजणार, गल्लीला आवतण गेलंय. मी आपलं, शेट स्वतःच सुरा खुपसून मेला असं सांगून बघितलं. म्हातारीनं लगेच सुनेमार्फत विचारलं, "मग तिसऱ्या अध्यायात सुरा धुतला कुणी?"

शेवट नाही तर मला इथं जागा नाही, असं शिवम्मानं साफ सांगितलंय. मामा, मी बारा गावं फिरलो, निघताना कुणी थांब म्हटलं नाही. इथं रोज वाचून झालं की म्हातारी हातानं खूण करते: बस, जेव, उद्या पुढचं. मला इथून जायचं नाही. बाकी सर्व मजेत, काळजी नसावी.

तुमचा भाचा
बिरप्पा

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. बजाबाईची मेंढी कुणी नेली हे तुम्ही नुसत्या पावलांवरून सांगितलं होतं. तर शेटला कुणी मारलं तेवढं सांगा. नटी डावरी आहे, दिवेवाला लंगडतो, सुरा धुतलेला होता. शुक्रवारच्या आत कळवा.

दुसरा ता. क. : नाही जमलं तर माझी काठी आणि घोंगडी काढून ठेवा. मेंढरांमागं येईन. (मास्तर, हे हळू वाचा.)

तिसरा ता. क. : थांबा, दारात छत्रीवाला एक माणूस आलाय. वैरागला अडत दुकानात कारकून आहे म्हणतो, आणि ती गोष्ट त्यानं लिहिलीय! सिनेमा कंपनी आतून कधी बघितली नाही. माझं कार्ड मासिकवाल्यांनी त्याला धाडलं. आपल्या गोष्टीला कुंकू लागतंय हे बघायला आला. म्हातारीनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, तर बिचारा रडायलाच लागला. मी त्याला मागांआड ओढून खुनी कोण ते विचारलं. तो कानात म्हणाला, "मला ठावं असतं तर मासिक बंद पडल्यावर पेढे वाटले असते व्हय?" शिवम्मानं ऐकलं. तिनं दाराला आतून कडी घातलीय आणि त्याला पाटावर लिहायला बसवलंय. घरात टाक एकच आहे, आणि ती हात पुढं करून उभी आहे, म्हणून