कपाटातली मुलाखत

ती. ताईस,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. डावा बरा असेल आणि उजवाही आता त्याच्या वळणावर जात असेल, अशी आशा आहे. भावोजींचा खोकला कसा आहे? इकडे आम्ही ठीक. म्हणजे दादा ठीक आहे आणि त्याचं ठीक असणं मी सांभाळते.

अकरा वर्षांत दादा मागच्या खोलीतून बाहेर पडलेला नाही, हे तुला माहीतच आहे. (जेवायला येतो, पण त्याला बाहेर पडणं म्हणत नाहीत, धाड म्हणतात.) त्याच्या लाकडी पेट्या आता एकशे चाळीस झाल्या. भंगारवाल्याकडून फुटक्या वस्तू मी आणायच्या आणि त्याने त्या पेटीत अशा मांडायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, इथून कुणीतरी नुकतंच उठून गेलंय. भंगार कमी पडलं की तो घराकडे वळतो. दाराच्या घंटीचं बटण गेलं, किटलीचं झाकण गेलं, माझ्या चष्म्याची डावी काच गेली. हल्ली मी वर्तमानपत्र एका डोळ्याने वाचते. बातम्या अर्ध्याच कळतात, पण तेवढ्या पुरतात.

तर मंगळवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. (बटण नसल्यामुळे पाव तास दारातच उभ्या होत्या.) त्यांचा आवाज ऐकून दादाने मला, मी घरी नाही म्हणून सांग, असं बजावलं आणि तो कोटांच्या कपाटात जाऊन बसला. अकरा वर्षं घरात असलेला माणूस नेमका आज घरी नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तरी सांगितलं. बाई एकेका पेटीसमोर उभ्या राहिल्या. एकीतल्या काचेकडे बोट दाखवून, हे कशाचं प्रतीक, असं त्यांनी विचारलं. ती माझ्या चष्म्याची काच आहे, मी म्हटलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. तेवढ्यात कपाट शिंकलं.

बाई वस्ताद. अजिबात न हसता त्यांनी कपाटासमोर खुर्ची ओढली आणि तासभर मुलाखत घेतली. खिळे कुठले, सरस कोणता, दादा आतून सगळं सांगत होता. मी एक चहा बाईंना दिला, एक दार किलकिलं करून आत. शेवटी त्यांनी विचारलं, प्रत्येक पेटीला खिडकी का असते? आत कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"माझ्यामुळे ती कुठे जात नाही," दादा म्हणाला. "म्हणून तिला बाहेर बघायला."

मी कप विसळायला गेले. दोनच कप होते, पण वेळ लागला.

तीस पेट्या प्रदर्शनात जाणार आहेत. उद्घाटनाला कलावंताच्या वतीने कुणीतरी बोलायला हवं, आणि कपाट काही तिथे नेता येत नाही. तेव्हा मीच बोलायचं ठरलंय. काय बोलू? फार थकलेय गं मी. पण हे सगळं गंमत म्हणून लिहिलंय, काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. काळजी कर. शुक्रवारी ये आणि दादाजवळ राहा. प्रदर्शनाच्या गावाला समुद्र आहे म्हणे.

ता. क. २. दादाला मी दोनच दिवस सांगितले होते. आत्ता बॅग उघडून बघितली, तर त्याने तीत माझे पंधरा दिवसांचे कपडे भरून ठेवलेत.