आई अजून बेटावर आहे

प्रिय बारक्या,

घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकून तू निघालास, तेव्हा दारातून ठणकावून सांगितलं होतंस, आता याला व्हायरसबियरस लागणार नाही, पण आपला होडीचा खेळ यावर कधीच चालायचा नाही, तो विंडोजचा आहे, विसरा. तर राजा, चालतोय! दिवसभर चष्म्याच्या काचा घासणाऱ्या तुझ्या ताईनं चालवून दाखवलाय. फोनवरच सांगितलं असतं, पण हल्ली तुझा फोन आईपुरता येतो आणि तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात उगाच भांड्यांचा आवाज करत बसते. बाबांचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावरून आपलं बिनसलं, आणि शटर एकदाचं खाली आल्यावरही ते बिनसलेलंच राहिलं. ते आज नको. आज माझा पराक्रम ऐक.

लिनक्सवर विंडोजचं सोंग आणणारा वाइन नावाचा प्रोग्राम असतो, हे तुला ठाऊक असणार. मला ते शोधून काढावं लागलं. तो बसवला तर खेळाची खिडकी उघडली आणि अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. फॉन्ट आणून घातले. मग आत शिरले, तर लबाडी पकडणारा त्या खेळाचा पहारेकरी प्रोग्राम मला दारातच धरून बाहेर काढू लागला. आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नाही, आणि हा मेला मला चोर ठरवतोय! फोरमवर गाऱ्हाणं घातलं. कुणा भल्या माणसानं वाइनची नवी आवृत्ती घ्यायला सांगितली, तेव्हा कुठे पहारेकऱ्याचा राग गेला. आई मागे बसून शेंगा सोलत होती. मधूनच विचारायची, ‘झालं का गं? मी दिसतेय का?’

तिचं हे विचारणं आजचं नाही. तुला आठवतं ना, त्या खेळात ती आली कशी? बाबांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की आपण दोघं दोन मशीनवर ठाण मांडायचो, हाका मारून तिचा घसा बसायचा, कुणी हलायचं नाही. शेवटी तिनं तिसऱ्या मशीनवर स्वतःचं खातं उघडलं, फक्त आपल्याला ‘जेवायला चला’ असं खेळात येऊन सांगायला. आणि मग तीच रमली. लाल पदर डोक्यावर घेतलेली ती बुटकी बाई वाटेत भेटेल त्या तलवारवाल्याला ‘जेवलास का?’ विचारत फिरायची. ती होडी दोघांनी एकदम वल्हवल्याशिवाय सरळ जात नसे, आणि आपलं कधी एकदम झालंय? बाबा गल्ल्यावर बसल्या बसल्या पट्टीनं टेबलावर ताल द्यायचे, ठक्, ठक्, आणि आपण बटणं दाबायचो. हिशेबातून डोकं वर न काढता द्यायचे. त्या ठकठकीची मला फार आठवण येते रे.

आईला बेटावरचा दिवा बघायचा होता, म्हणून आपण तिला नेलं, उतरवलं, आणि वीज गेली. उद्या आणू म्हणालो. पुढे तुझी परीक्षा आली, मग नोकरी, मग बाबांचं आजारपण. ती तिथेच राहिली. अधूनमधून भाजी चिरताना विचारते, ‘मी अजून त्या बेटावरच आहे का?’ मी हसण्यावारी न्यायचे.

तर परवा आईच्या खात्यातून खेळ उघडला आणि आई खरंच तिथे उभी! लाल पदर, पाठीशी दिवा, सगळं जसंच्या तसं. फक्त समुद्र गायब. बेटाभोवती नुसता करडा खड्डा. आई म्हणाली, ‘बरं झालं, आटलं. आता चालतच येते.’ निघाली, तर काठावर अडकली. पाणी दिसत नव्हतं एवढंच, होतं तिथेच. मी पडद्यावर चित्रं उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला, तेव्हा निळं पाणी भरभरून आलं आणि आईचा चेहरा उतरला. ‘कशाला आणलंस?’ म्हणाली.

दुकानातली दोन मशीन मी ठेवून घेतली होती, हे तुला माहीत नाही. त्यांच्यावरही लिनक्स घातलं, जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. तुझा पासवर्ड अजून तोच आहे, इतका आळशी माणूस मी पाहिला नाही. दोन्ही कीबोर्ड पुढ्यात ओढून, एका हातानं तुझं वल्हं आणि एका हातानं माझं, असं करून पाहिलं. होडी धक्क्यापाशीच गोल गोल फिरली. आई पोट धरून हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मग मलाही आवरेना.

आता मुद्द्याचं. या महिनाअखेरीला तो खेळ कायमचा बंद होतोय, कंपनीनं तसं कळवलंय. मी आईला सांगितलं, तेव्हा वाटलं, म्हणेल, जाऊ दे. पण ती म्हणाली, ‘मला तिथे सोडून बंद करू नका रे.’ ‘रे’ म्हणाली, बारक्या. समोर मी एकटीच होते. तू म्हणशील, मी इथूनच खेळतो, त्यात काय. खेळता येईल. पण तुझं माझं एकदम कसं होणार, आणि तू चुकलास की तुझ्या नावानं मी ओरडलेलं तुला कसं ऐकू येणार? तेव्हा सुट्टी टाक आणि ये. दुकानाबद्दल काय बोलायचं ते आल्यावर बोलू, नाहीतर नाही बोलू. मशीन तयार आहे, तुझी डुगडुगणारी खुर्चीही आहे. बाबांची पट्टी आईनं कपाटातून काढून टेबलावर ठेवलीय. ताल मी देईन, म्हणते.

धक्क्यापाशी गोल गोल फिरत तुझी वाट पाहणारी,
तुझीच ताई