बांधकऱ्याचे डोळे

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने पनवेलपासून पेणपर्यंत प्रत्येक खड्ड्याशी आमची ओळख करून दिली, तरी माझी रंगांची पेटी शाबूत आहे. कपाटाची काच मात्र गेली. श्रेयस म्हणतो, काच फुटणं शुभ असतं. नवरा इंजिनिअर आहे, पण असल्या बाबतीत स्वतःच्या आत्यालाही मागे टाकेल. त्याला डोलवीच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिक सोडलं. मला काय, टेबल आणि खिडकी मिळाली की कुठलंही गाव चालतं.

घर गुणाजीकाकांचं. खाली त्यांचा गणपतीचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. जिन्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे, बिनरंगाचे गणपती दाटीवाटीने बसलेत. माघी गणपतीचं काम चालू आहे. संध्याकाळी काकांची सून शकू पोह्याच्या पापडांची चळत घेऊन वर आली. मी कॉमिक काढते म्हटल्यावर तिने विचारलं, मोठी मान्सं पन वाचतात व्हय चित्रांची पुस्तकं? वाचतात म्हटलं. ती म्हणाली, बरं हाय, मंग तुमी आमच्यातल्याच.

मी फार खूश आहे. उद्यापासून काम.

९ नोव्हेंबर

टेबल खिडकीशी लागलं. आता कॉमिकबद्दल लिहून ठेवते, म्हणजे प्रसिद्ध झाल्यावर मुलाखतीत थापा माराव्या लागणार नाहीत.

नाव 'बांधकरी'. इथे खाडीकाठच्या भातखाचरांत खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचे बांध घालतात. उधाणाच्या भरतीला बांध फुटला तर शेत नासतं. माझा नायक असा बांध राखणारा माणूस. पहिल्या पानापासून तो पाठमोरा, कारण त्याची नजर खाडीवरून हटत नाही. गाव त्याला हाका मारतं, हसतं, शिव्या देतं, पण तो वळत नाही. फक्त शेवटच्या पानावर तो वळतो आणि वाचणाऱ्याकडे बघतो. पानभर नुसता चेहरा. संवादाचा फुगा नाही, शब्द नाही. ते पान जमलं तर पुस्तक जमलं.

चेहरा श्रेयसचा घेतलाय. बिचारा रात्रपाळी करून आला की फावडं धरून स्टुलावर उभा राहतो आणि उभ्याउभ्या डुलक्या काढतो. एकदा पडलाही. मी आधी स्केच पुरं केलं, मग त्याला उठवलं. यावरून आमचं दुपारभर वाजलं.

सुरभीचा फोन आला. ती मुंबईत छोट्या कॉमिकवाल्यांच्या जत्रेत दर वर्षी टेबल लावते, आणि या पुस्तकात माझ्याइतकाच तिचाही जीव आहे. प्रकाशन १४ डिसेंबरला तिच्या टेबलावर. आठ वर्षं मी चार-चार पानांची कॉमिकं झेरॉक्स करून मित्रांच्या गळ्यात मारली. हे माझं पहिलं खरं पुस्तक.

१८ नोव्हेंबर

डोळे जमत नाहीत. बाकी चेहरा हुबेहूब आहे. नाक, ओठ, हनुवटीवरची खोक. पण डोळे काढले की श्रेयस मेल्यासारखा दिसतो. पांढऱ्या रंगाने इतक्यांदा खोडलं की कागदाची साल निघाली. नवं पान काढलं, त्याचीही तीच गत. मी त्याच्यावर उगाच खेकसले. तो म्हणाला, माझे डोळे मुळातच असे असतील. हसू आलं, पण राग गेला नाही.

खाली पाणी आणायला गेले तेव्हा शकू मूर्तींचे डोळे काढत होती. इथे त्याला आखणी म्हणतात. तिने श्वास रोखला, ब्रश टेकवला, एक वळण घेतलं. मी दारातच उभी राहिले. तो गणपती माझ्याकडे बघत होता.

१९ नोव्हेंबर

शकूला माझं शेवटचं पान दिलं. कागद डागाळू नये म्हणून डोळ्यांची जागा सोडून बाकी चेहऱ्यावर मी दुसरा कागद चिकटवला होता. तिने आढेवेढे घेतले. देवाचं सोडून दुसऱ्या कोनाचं डोलं आपन नाय काढत, म्हणाली. मग विचारलं, कुना जित्या मान्साचा मुखडा नाय ना ह्यो? मी म्हटलं, छे, मनातला आहे. वाद वाढवायचा नव्हता, दुसरं काही नाही.

ती अंघोळ करून आली, बोलणं बंद केलं आणि दोन डोळे काढले. मला रडूच फुटलं. कागद उचलला तर श्रेयस होता. नुसता दिसायला नाही, तो होता.

२८ नोव्हेंबर

पुस्तक हातात!!

रोह्यापलीकडच्या अष्टमी गावातल्या प्रविणच्या छापखान्यातून खोकी उचलली. पुलावरून रोह्यात येईपर्यंत मी मांडीवरचं पुस्तक शंभरदा हुंगलं असेन. प्रविणने सकाळी शेवटच्या पानाची शाई नीट बसली का म्हणून तपासलं होतं. म्हणाला, मॅडम, हा माणूस लय बघतो हो.

संध्याकाळी श्रेयस घरी येऊन सांगायला लागला. कामावर असताना त्याला क्षणभर भलतंच दिसलं. एक भलामोठा चेहरा, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, अगदी जवळून निरखणारा. झोप कमी पडतेय, असं त्याचं म्हणणं. मीही तेच म्हटलं.

प्रविणच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे. श्रेयस त्याला कधी भेटलेला नाही. योगायोग असणार.

३ डिसेंबर

आगाऊ मागणी नोंदवलेल्यांना प्रती टपालाने गेल्या. एक प्रत हौसेने शकूला दिली. तिने उभ्याउभ्या चाळली, शेवटच्या पानावर थांबली आणि पुस्तक झटकन मिटून पालथं ठेवलं. ह्ये तर भावजी हायत, म्हणाली. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. सांगू लागली, मूर्तीचे डोळे उघडले की मूर्तीचं तोंड रुमालाने झाकतात, घरी नेतात, पुजतात आणि बोळवतात. उघडलेलं तसंच ठेवत नाहीत. याला कोन बोळवनार ताई, असं दोनदा म्हणाली आणि जेवायलाही थांबली नाही.

मला तिचा राग आला. इतक्या आनंदात मिठाचा खडा टाकायची काय गरज होती?

७ डिसेंबर

श्रेयसला रोज दिसतंय. आधी अंधार, जड, काहीतरी अंगावर दाबलेलं. मग एकदम उजेड आणि एखादा चेहरा. कधी जेवणारा मुलगा, कधी जांभई देणारा म्हातारा. तेवढा वेळ त्याला समोरचं काही दिसत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. नजर उत्तम आहे म्हणाले.

काल दुपारी ताटावर बसलेला असताना म्हणाला, पिवळी भिंत, नथ घातलेली बाई, रडतेय. तासाभराने रत्नागिरीहून एका वाचक बाईंचा मेसेज आला. शेवटचं पान बघून डोळ्यांत पाणी आलं. सोबत पुस्तक हातात धरून काढलेला फोटो. नथ. मागे पिवळी भिंत.

फोटो मी त्याला दाखवला नाही. मला भीती वाटते आहे. लिहिलं की जरा कमी होईल असं वाटलं होतं.

१० डिसेंबर

वडखळजवळ गाडीवरून पडला. समोर ट्रक होता, आणि त्याला ट्रकच्या जागी कुणाची तरी लहान मुलगी दिसत होती. बोट लावून त्याचे डोळे चाचपणारी. पायाला प्लास्टर आहे. वाचला. नशीब.

सुरभी म्हणते, जत्रेला येणारे सगळे आत्तापासूनच 'बांधकरी'बद्दल विचारतायत. रांग लागेल. टेबलावर शेवटचं पान उघडून ठेवायचं, दिवसभर, असं तिने ठरवलंय.

दिवसभर. शेकडो चेहरे.

मी तिला नको म्हणाले नाही. लाज वाटते, पण नाही म्हणाले. आठ वर्षं —

११ डिसेंबर

आज करून पाहिलं. श्रेयस आतल्या खोलीत, दार बंद. मी स्वयंपाकघरात बसून शेवटचं पान उघडलं. आतून त्याने विचारलं, केस का ओले आहेत तुझे, आणि अशी वाकून काय बघतेस?

दुसरी प्रत उघडली. दोन वृंदा, म्हणाला. तिसरी उघडली तशी त्याला उलटी झाली.

प्रकाशन रद्द. सुरभीला कळवलं. ती ओरडली, मग रडली, मग म्हणाली, तुला वेड लागलंय, परवा संध्याकाळी गाडी घेऊन येते आणि खोकी मीच नेते.

शकूच्या पाया पडले. तिला खरं सांगितलं, खोटं बोलले होते तेही. तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, बोळवन करायला पायजे. मूळ पान आनि सगली पुस्तकं. मूळ गेलं की बाहेर गेलेली नुसती कागदं. पण उद्या खांब गावाला भाच्याची हळद, परवा लगीन. आटपून येते, तवर हात लावू नका, मी करते नीट.

१३ डिसेंबर

सुरभी निघालीय. शकूचा फोन लागत नाही, लग्नाच्या बँडबाज्यात कुणाला ऐकू जाणार?

जाळायचा विचार आला. पण त्याने आगीकडे बघत राहावं — नाही.

दुपारी रिक्षा केली. अंतोऱ्याकडे खाडीवर गेले. ओहोटी लागली होती. खोकी एकामागून एक पाण्यात टाकली. मूळ पान सगळ्यात शेवटी, दगड बांधून. तोंडात सवयीने 'पुढच्या वर्षी' आलंच होतं, गिळलं. एक प्रत तेवढी ठेवली, गादीखाली. माझं पहिलं पुस्तक आहे. एक तरी.

परत आले तर श्रेयस हसत होता. म्हणाला, डोकं हलकं झालं. दोघांनी भात-आमटी खाल्ली. सुरभी रिकाम्या हाताने गेली. जाऊ दे. माझा नवरा मला दिसतोय आणि मी त्याला. बाकी सगळं पुन्हा काढता येईल.

१४ डिसेंबर

पहाटेपासून खोकतोय. म्हणतो, हिरवं दिसतंय. हलणारं.

उशी ओली आहे. त्याच्या तोंडातून पाणी येतंय. बोट लावून चाखलं. खारट.

—

शकूचा फोन. तिने पहिलं हेच विचारलं, उत्तरपूजा केलीत ना? आरती केलीत? अक्षता टाकून जागेवरनं हलवलंत?

नाही, म्हटलं.

मला माहीत होतं. नाशिकला दर वर्षी बाबा करायचे. अक्षता टाकायच्या, मूर्ती जरा हलवायची, मग देव त्यातून जातो, मग राहते ती माती, आणि मातीच पाण्यात सोडायची. शेंबड्या पोराला माहीत असतं. मी नुसती खोकी उचलली आणि —

शकू रडत होती. जित्याला बुडवलंस गो, म्हणाली. जित्याला.

—

खोकी फुगून फुटत असणार. पुस्तकं उघडत असणार, एकेक. तो म्हणतो, अजून एक. अजून एक. सगळीकडे पाणी.

रुग्णवाहिका येतेय. गुणाजीकाका होडीवाल्याकडे धावलेत. शकू खांबहून निघाली आहे.

—

गादीखालची प्रत. शेवटचं पान उघडून खिडकीपाशी धरलं तसा त्याने श्वास घेतला! मोठा. म्हणाला, एका कोपऱ्यात तू आहेस. तिथून वारा येतोय. धरून ठेव.

धरलंय. डाव्या हाताने पान, उजव्याने हे. लिहिलं नाही तर पलंगाकडे बघेन, आणि रडेन, आणि पान भिजेल.

पानाकडे बघून हसतेय. त्याला मी एवढीच दिसते, हसायला हवं.

श्रेयस, तू जाऊ नकोस. पुस्तक नको मला. कुठलंच नको —

पान ओलं झालंय. मी रडले नाही. आतून ओलं होतंय.

त्याचे डोळे — पलंगावरचे नाहीत, छापलेले — पापणी हलली. खाली येतेय. शकूने पापणी अर्धवट मिटलेली काढली नव्हती, मला माहीत आहे, पूर्ण उघडे होते —

बोटाने वर धरलीय. श्रेयस, इकडे. माझ्याकडे बघ, इकडे, मिटू नको, मी धरलंय, मी