कुलूप पहिल्या मेलने, किल्ली दुसऱ्याने

माकुराझाकी, गुरुवार

तीर्थस्वरूप कुनियासुमामांस,

तामोत्सुचा कमरेतून वाकून नमस्कार (डॉक्टरांची हरकत असूनही). ओतारूचा बर्फ ओसरला असेल आणि तुमच्या गुडघ्याची कुरकुरही थोडी ओसरली असेल, अशी आशा आहे. इकडे सगळं क्षेम. आईची तब्येत ठणठणीत आहे, हे तिच्या आवाजावरून शेजारच्या गल्लीलाही कळतं. तुमचं आणि तिचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी नववर्षाचा मेल मी दर साली न चुकता पाठवत आलो आहे, तेव्हा माझं पत्र बघून भुवया फार वर चढू देऊ नका. कागदावर आणि जलद टपालाने का, ते पुढे येईलच.

वि. वि. मी इथल्या, सूपसाठी किसायच्या सुक्या कात्सुओ माशाच्या कारखान्यात माहिती-सुरक्षेचा प्रमुख आहे, हे आपण जाणताच. (विभागात मी एकटाच असल्यामुळे प्रमुख होणं तसं सोपं गेलं.) आमच्याकडे बाहेर फाइल पाठवायची ती अगदी शास्त्रोक्त. फाइलीला पासवर्डचं कुलूप घालायचं, ती पहिल्या मेलने रवाना करायची, मग पाच मिनिटं थांबून दुसऱ्या मेलने त्याच माणसाला, त्याच पत्त्यावर पासवर्ड कळवायचा. म्हणजे तिजोरी आणि किल्ली एकाच हमालाच्या डोक्यावर, फक्त दोन खेपांत. पाच मिनिटंच का, हे कुणी विचारत नाही. मागे कारखान्यातल्या नोनाकाबाईंनी शंका काढली, की ज्या चोराने पहिला मेल पळवला तो दुसरा कशाला सोडेल. त्यांना मी सबंध प्रशिक्षण पुन्हा दिलं. तेव्हापासून त्या काही विचारत नाहीत.

आता आईचं. ती हिवाळ्यापासून नगरपालिकेच्या 'शेवटाची तयारी' वर्गाला जाते. तिथे गावच्या सगळ्या म्हाताऱ्या चहा पीत आपापल्या मरणाची आखणी करतात आणि मजेत घरी येतात. त्या वर्गात आईने कॅमेऱ्यासमोर बसून दोन तास भाषण केलं : आपल्या माघारी कुणाला काय सुनावायचं ते. कागोशिमातली एक संस्था अशी चित्रफीत जपून ठेवते आणि वेळ आली की नातेवाइकांना दाखवते. तिथले कुनिएदा म्हणून गृहस्थ हे काम बघतात. फाइल चार जीबीची, आणि आमचा मेल दहा एमबीच्या वर ओझं उचलत नाही. म्हणून ती इंटरनेटवरच्या एका सेवेत ठेवून नुसती लिंक पाठवायची होती. लिंक सात दिवस टिकते, आणि पासवर्डाशिवाय त्या सेवेच्या मालकालाही फाइलीत डोकावता येत नाही. इथवर सगळं उत्तम. कुनिएदासान भोळेपणाने म्हणाले, की पासवर्ड तेवढा फोनवर सांगा. फोनवर! इतका बेजबाबदार माणूस लोकांची मरणं कशी सांभाळतो कोण जाणे. मी त्यांना आमचा दोन मेलांचा नियम समजावला. वर सुरक्षेची परिसीमा म्हणून, मुदतीआधी फाइल पुसायची वेळ आली तर लागणारा जो आकडा असतो, तोही तिसऱ्या मेलने पाठवला. मग नियमाप्रमाणे तिन्ही मेल माझ्या संगणकातून नामशेष केले.

पत्ता दोघांनी तपासायचा, बोट ठेवून, मोठ्याने बोलून, हाही आमचा नियम. घरात दुसरं माणूस आईच. तिने चष्मा लावला, पडद्यावर बोट ठेवलं, 'पत्ता ठीक' म्हणाली. मी बटण दाबलं. हे सोमवारी झालं.

काल कुनिएदासानचा फोन आला, की फाइल कधी पाठवताय. मी 'कुनि' एवढंच टंकलं होतं, पुढचं यंत्राने पूर्ण केलं, आणि यंत्राला कुनिएदांपेक्षा तुमचा जिव्हाळा जास्त निघाला. म्हणजे फाइल तुमच्याकडे, पासवर्ड तुमच्याकडे, पुसायचा आकडाही तुमच्याकडे. माझ्याकडे उरलं ते सुरक्षाप्रमुखपद. आमच्या घरचा फोन तुम्ही उचलत नाही, आणि मेलावरचा माझा विश्वास उडाला आहे.

मामा, आजोबांच्या श्राद्धाच्या जेवणात सूपचा पहिला घोट घेऊन तुम्ही तीस माणसांदेखत आईला विचारलंत, की ही पावडर कुठल्या कंपनीची. माकुराझाकीत! जिथे पोरं दात येण्याआधी कात्सुओ चोखतात, तिथे. त्या एका वाक्याने नऊ वर्षं खाल्ली. चित्रफितीत तुम्ही अकराव्या मिनिटाला येता आणि चाळिसाव्यापर्यंत मुक्काम करता. ते ऐकलंत तर उरलीसुरली वाट बुजेल, आणि आई अठ्ठ्याहत्तरची आहे, याची मला खरंच भीती वाटते. तेव्हा हात जोडून विनंती, की फाइल न उघडता सोमवारच्या आत पुसून टाका.

मामींना नमस्कार.

आपला, हल्ली स्वतःवरच पाळत ठेवणारा,
तामोत्सु

ता. क. पुसता पुसता चुकून उघडलीच, तर चाळिसाव्या मिनिटाला बंद मात्र करू नका. (मी नुसती तपासणी म्हणून पाहिली. पदामुळे पाहावं लागतं.) एक्केचाळिसाव्या मिनिटाला ती कबूल करते, की सूप पाकिटातलंच होतं. त्या सकाळी आजोबांची किसणी हातात घेतली आणि तिला किसवेना, असं म्हणते. मग कॅमेऱ्याकडे पाठ फिरवते.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आई येऊन विचारते, "कुनियासूने पाहिलं का रे?" फाइल तुमच्याकडे गेल्याचं मी तिला बोललेलो नाही. तुला कसं ठाऊक, म्हटलं, तर म्हणाली, "पत्ता मी तपासला ना? मला काय वाचता येत नाही?" मग ते माघारी दाखवायचं होतं त्याचं काय, असं विचारलं. त्यावर म्हणाली, "मेल्यावर सांगायचं, आणि तो पुन्हा काही बोलला तर उत्तर कोण देणार, तू?"

तेव्हा वरची विनंती रद्द. फाइल उघडा, आणि फोन वाजला तर उचला. ती आत्तापासूनच फोनपाशी बसली आहे.