थर्ड शिफ्टची खिडकी

४ जुलै, शुक्रवार
कपाटामागे बुरशी. आधी वाटलं, सावली आहे. पुसायला गेले तर बोट काळं.
साक्षी फोनवर म्हणाली, "आई, बाळंतपणाला तुझ्याकडेच येणार. पण ती खोली कोरडी कर. माझा दमा तुला माहीत आहे." मग हळूच — "नाहीतर सासरी, निघोज्याला, सासूबाई तयारच आहेत."
तयारच आहेत म्हणे. त्या लग्नापासून तयार आहेत.

५ जुलै
कडुलिंबाचा पाला, कापूर, डांबराच्या गोळ्या. खोलीला आता बुरशीचा वास येतो आणि शिवाय दवाखान्याचा.

८ जुलै, मंगळवार
गुन्हेगार सापडला — वरच्या मजल्यावरचे शौकतभाई. त्यांचं बाथरूम बरोबर माझ्या भिंतीवर. सोसायटीला तक्रार लिहिली, कॉन्व्हेंटच्या वळणदार इंग्रजीत, दोन पानं. 'नेग्लिजन्स' तीनदा. सेक्रेटरी हिंदुराव म्हणाले, "मॅडम, अक्षर लई भारी. मजकूर मराठीत सांगता का?"
शौकतभाईंची बायको आरफा जिन्यात भेटली. मी खाली वाकून चप्पल शोधत राहिले. पायातच होती.

१२ जुलै, शनिवार
शौकतभाईंनीच माणूस पाठवला — वॉटरप्रूफिंगवाला नौशाद. त्याने हातोडी काढलीच नाही. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला.
"दोन दिवस हात लावू नका, काकू. थेंब मागच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. पुढे आले तर तुमच्याच घरातलं."
मागेच येणार, मी म्हटलं.

१४ जुलै, सोमवार
पुढे आले.
नौशादने दोरीवरच्या ओल्या साड्या पाहिल्या. भिंतीला टेकलेलं कपाट पाहिलं. मग खिडकी — काळा कागद, कडेने टेप.
"काकू, ही कधी उघडता?"
"नाही उघडत. ते थर्ड शिफ्ट करून येतात, दिवसा झोपतात."
"आता झोपलेत?" त्याने आवाज एकदम खाली आणला.
तेव्हा कुठे मला ऐकू आलं, मी काय बोलले ते.
धम्मरत्न जाऊन चार वर्षं झाली. चाकणच्या कंपनीत बावीस वर्षं. शिफ्ट बदलत राहिल्या, खिडकी कायम बंद. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी कुकरपाशी उभी राहायचे, शिट्टी होण्याआधी गॅस बंद करायला.
आणि शाळेत मी हायजीनमध्ये पहिली. सिस्टर वर्गात शिरताच म्हणायच्या, "विंडोज, गर्ल्स." व्हेंटिलेशनची व्याख्या अजून पाठ आहे. नुसती पाठ.

१५ जुलै
वर गेले. आरफाला म्हटलं, चूक माझी.
"मॅडम, तुमचं लेटर मुलीने वाचून दाखवलं," ती म्हणाली. "ह्यांना एवढ्या चांगल्या इंग्रजीत अजून कुणी शिव्या दिल्या नव्हत्या."
चहा झाला. तक्रार मागे घेतली — एका ओळीत, मराठीत.

२० जुलै, रविवार
कपाट वीतभर पुढे ओढलं. नाकाला फडकं बांधून बुरशी साबणाच्या पाण्याने पुसली. साड्या बाल्कनीत गेल्या. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन — इतकी वर्षं त्याच्यावर फक्त धूळ जमत होती.
कागद मात्र तसाच. टेपपाशी नख नेते आणि थांबते. उजेड आला तर—
कुणाची झोप मोडणार आहे, बाई?

२७ जुलै, रविवार
काढला.
एका कोपऱ्यात, टेपच्या डिंकात, त्यांच्या अंगठ्याचा ठसा. तेवढा तुकडा राहू दिला. हवा काही अडत नाही त्याने.

१० ऑगस्ट, रविवार
नौशादने पुन्हा प्लॅस्टिक लावून पाहिलं. दोन्ही बाजू कोरड्या. साक्षीला फोटो पाठवला. उत्तर आलं — "बॅग भरतेय."

१८ सप्टेंबर, गुरुवार
बाळ रात्रभर जागं, दिवसभर झोपलेलं. घरात पुन्हा थर्ड शिफ्ट लागली. खिडकी सताड उघडी, तोंडावर उजेड, तरी गाढ झोप.
आज पुन्हा कुकरपाशी उभी राहिले.