डोणीचं वळण

४ डिसेंबर १९५६
आत्या पडली! सायकल एकीकडे, ती एकीकडे. आमच्या घरासमोरच, वळणावर. समोरून कापसाची लॉरी आली आणि हिला सरकायला जागाच नाही — कडेला बैलगाड्यांची रांग. कोपर सोलून निघालं तरी आत्या हसूनच राहिली होती. बाबा नाही हसले. 'अलका, सायकल बंद.'
'भाऊ, सकाळी एका शाळेत शिकवते, दुपारी राजघाटाच्या दुसऱ्या. पायी कशी पोचू?'
'मग नोकरी बंद.'
मला पण असंच 'शाळा बंद' म्हटलं होतं, सहावीत असताना. लॉरीच्या रस्त्यानं पोरगी कुठं जाईल म्हणे. मी दप्तर माळ्यावर टाकून दिलं होतं.

५ डिसेंबर
आईनं मधे पडून बाबांना मनवलं. पण पुन्हा काही झालं तर सायकल विकणार. नक्की!

९ डिसेंबर
सगळे लोक रस्त्याच्या मधूनच का चालतात? ओट्यावर शेंगा फोडत पाहून राहिली होती. बकरी पण मधूनच! भाजीवाल्या सरूमावशीला विचारलं. ती म्हणे, 'तर काय बैलाच्या पोटातून जाऊ, माय?'
खरंच की. वळणावर बैलांना पाणी प्यायची दगडी डोण आहे. सगळ्या गाड्या तिथंच थांबतात. बैलांचं पिऊन होतं, पण गाडीवाल्यांची बिडी काही संपत नाही. म्हणून कड कधी मोकळी राहतच नाही.
डोणच उचलली तर?

१२ डिसेंबर
वेणी घालताना आत्याला सांगून टाकलं. ती एकदम वळली, केस हातातून सुटले. 'मग मोतीलाल मेंबरला सांग ना!' मी? म्युनिसिपालटीच्या मेंबरला? माझी तर जीभच टाळूला चिकटते.
आत्याच गेली. मेंबर म्हणे, 'बाई, आता राज्यच नवं झालं. राजधानी बदलली, नागपूरचे कागद भोपाळला गेले. थोडा धीर धरा.'
आत्या म्हणाली, 'डोण भोपाळला नाही गेली. इथंच आहे.'
मेंबर हसले. म्हणे, 'जा, हटवून घ्या.'

२० डिसेंबर
डोण हटली! कडू गाडीवान आणि त्याचे लोक, लाकडी बल्ल्या लावून, जोर लावून — मागच्या मोकळ्या जागेत. कडू घाम पुसत म्हणे, 'किसकी अकल है ये?' आत्यानं आमच्या खिडकीकडे बोट केलं. मी खालीच बसली!
रस्ता केवढा मोठा निघाला! सरूमावशी कडेनं अशी चालली, जशी लग्नाला चालली.

२२ डिसेंबर
आज कोणी कोणावर ओरडलं नाही. छान वाटलं.

२७ डिसेंबर
चूक झाली. माझीच.
आधी लॉरी वळणावर आली की थांबायची. क्लीनर खाली उतरायचा, बैलांना शिव्या द्यायचा, मग हळूहळू निघायची. आता थांबतच नाही! हॉर्न आणि धूळ, बस. आज सरूमावशीची टोपली उडाली, वांगी गटारीत. ती बसल्या बसल्या म्हणे, 'बैल होते तेच बरे होते, माय.' तिच्या मागून आत्या येत होती. लॉरी तिच्या हँडलला घासून गेली. बाबांनी ओट्यावरून पाहिलं.
'उद्या गिऱ्हाईक आणतो.' एवढंच बोलले आणि आत गेले.
मी माणसं कशी चालतात ते पाहत बसली. लॉरी कशी चालते ते पाहिलंच नाही. तिला गाड्याच अडवत होत्या! म्हणजे कड तर मोकळी पाहिजेच, पण लॉरीच्या वाटेत पण काहीतरी पाहिजे.
आत्याला म्हटलं, पुन्हा मेंबरकडे जा. ती सायकल पुसत होती. म्हणाली, 'मेंबरला कळेपर्यंत सायकल गेलेली असेल.'

२८ डिसेंबर
सकाळी आईची बाज उचलली आणि वळणावर नेऊन टाकली. लॉरीच्या वाटेत, कड सोडून.
लॉरी आली. थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं — 'ये खाट किसकी है?'
मी म्हटलं, 'मेरी.'
बाबा धावत बाहेर आले. वाटलं, आता बाज उचलतील आणि मला पण. तेवढ्यात आत्या कडेनं निघाली, घंटी वाजवत. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
आणि बाजेवर बसले. 'धीरे ले, भैया. मेरी बहन का इस्कूल का टाइम है.'